रिकामी टाकी

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात कामाला होते. तिथे विजेच्या उपकरणांत बसणारे सर्किट बोर्ड तयार व्हायचे. आम्ही बायका सोल्डरिंग करायचो आणि बोर्डांवर उरलेली चिकट राळ धुऊन काढायचो. धुवायचं ते पाण्याने नाही. कोपऱ्यात कमरेच्या वर येईल अशी स्टीलची खोल टाकी होती. तिच्या तळाशी पाण्यासारखा नितळ द्रव मंद तापत असे. काठाला आतून थंड पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या होत्या. वाफ तिथवर चढायची आणि थेंब होऊन परत खाली पडायची. बोर्डांची टोपली आकडीला अडकवून आत सोडली, की बोर्ड लख्ख आणि कोरडे होऊन वर यायचे.

पहिल्या दिवशी सुपरवायझर साहेबांनी आम्हाला टाकीभोवती उभं केलं. म्हणाले, "फ्रिजमध्ये जो गॅस असतो ना, त्याच्याच घराण्यातलं हे. मोठ्या इमारती गार ठेवणाऱ्या यंत्रांतही भरतात. पेटत नाही, कशाला गंज चढवत नाही, विषारी नाही." त्यांनी पेटती काडी वाफेत धरली. ती विझली. मग डब्यातल्या थंड द्रवात मला बोट बुडवायला लावलं. बोट एकदम गारठलं, लगेच कोरडं झालं आणि खडू लावल्यासारखं पांढरं पडलं. मी दिवसभर त्या बोटाकडे बघत होते.

माझ्या शेजारी बसणारी ताई येवल्याची. वडील पैठणी विणायचे. लग्न होऊन ती सिडकोत आली होती. आम्ही एकाच बसने यायचो, डबाही एकत्र खायचो. भावाचं लग्न ठरलं तेव्हा तिने आईची पैठणी पिशवीतून आणली. पदरावर तेलाचा हा एवढा डाग. कुणाकडे धुवायला द्यायची तिची हिंमत होत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तिने पैठणी टोपलीत घडी करून ठेवली आणि टाकीत सोडली. मी म्हणत होते, "ताई, रंग जाईल." तिने टोपली वर काढली. डाग नाही, ओल नाही, जरीचा काठ तसाच लखलखीत. पुढच्या आठवड्यात कोणी शालू आणला, कोणी नवऱ्याचा कोट.

तेव्हापासून टाकीबद्दल कुणालाच काही वाटेनासं झालं.

साफसफाईचा दिवस होता. टाकी बंद करून द्रव पिंपात काढला होता. तळाशी राळेचा काळा गाळ राहिला होता. बाहेरूनच लांब दांड्याने गाळ खरवडताना ताईच्या हातून टोपलीची आकडी आत पडली. मी म्हटलं, "राहू दे, दुपारी काढू. साहेबांनी वारा लागू द्यायला सांगितलंय."

"रिकामीच तर हाय," ती म्हणाली आणि काठावर पोट टेकवून आत वाकली. तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

मी फडकं पिळत होते. आकडी हाताला लागत नसेल असं मला वाटलं. "सापडली का गं?" मी विचारलं. उत्तर नाही. तिच्या एका पायातली चप्पल गळून पडली. पाय हलला नाही. मी तिची कंबर धरली, ती नुसती लोंबकळत होती, ओल्या कपड्यासारखी. तिचं डोकं धरायला मी आत वाकणार, तेवढ्यात मागून साहेब ओरडले, "आत तोंड घालू नका! मागे व्हा!"

त्यांनी मला बाजूला ढकललं, मोठा श्वास भरून घेतला आणि तिच्या कमरेला मिठी मारून तिला बाहेर ओढलं. दोघंही फरशीवर पडले. ताईचे ओठ निळे पडले होते. कुणी पंखा आणला, कुणी दारं उघडली. साहेब तिच्या तोंडात श्वास फुंकत होते, आणि मी तिथे पिळलेलं फडकं हातात घेऊन उभी होते. मला रडूही येत नव्हतं. मग ती एकदम खोकली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, "मला कायबी झालं नाय गं. दम कोंडला नाय, वास आला नाय. आकडी दिसत व्हती. मग तू दिसली."

त्रास झाला असता तर ती बाहेर आली असती.

साहेब बाहेर बाकावर बसले होते. "वाफ हवेपेक्षा जड असते," ते मला म्हणाले. "टाकीत साचून राहते, हवेला जागाच उरत नाही. विषारी नाही, असं मीच सांगितलं होतं तुम्हाला. खोटं नव्हतं हो ते."

टाकीला कुलूपबंद झाकण आलं, शेजारी पंखा बसला. ताई काही दिवसांनी परत आली, पण पॅकिंगला गेली. नंतर तिच्या नवऱ्याची बदली मनमाडला झाली.

दोन हजार सालानंतर एके दिवशी ती टाकीच काढून नेली. बोर्ड साबणाच्या गरम पाण्याने धुवायचं यंत्र आलं. समजावायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, हे द्रव्य कशानेच नासत नाही, म्हणून वर्षानुवर्षं हवेत टिकतं. वर वर जात आभाळात फार उंचावर फुटतं आणि उन्हाचा मारा अडवणारा ओझोनचा थर खातं. जगभर बंद करताहेत.

मी विचारलं, "पण ते तर जड असतं ना, मॅडम? वर कसं जाईल?"

"टाकीत खाली बसतं. मोकळ्या हवेत वारा त्याला ढवळून वर नेतो."

ताईचा जीव जाता जाता राहिला होता, तरी टाकी पुढे कित्येक वर्षं चालली. आणि आता ती आभाळासाठी बंद होत होती.

त्या रविवारी मी मनमाडला फोन करून ताईला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "झाकण यायच्या आधी आपन ती किती वेळ उघडी ठेवायचो गं?"

"दिवसभर, ताई," मी म्हटलं.