बाटलीचं की साधं?

शहापूरहून आसनगाव स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर स्टीलचा मोठा डबा, कपाळावर ठसठशीत कुंकू. माझा नवरा पुढे ड्रायव्हरजवळ. तो रोज मुंबईला नोकरीला जातो, पण मुक्कामाला आम्ही दोघं आज पहिल्यांदाच निघालो होतो. मला आनंद लपवता येईना.

बॅगेकडे बघत तिने विचारलं, "कुठं गो?"

"मुंबईला. दोन दिवस राहायला!"

"कोनाकडं?"

"कोणाकडेच नाही. हॉटेलात!"

ती अशी हरखली, जणू तीच निघाली होती. डब्यावर थापा मारत तिने आमचे दोन्ही दिवस आखून टाकले. सकाळी दादरला मिसळ, दुपारी बांगड्याचं ताट, संध्याकाळी चौपाटीवर भेळ. "आनि खोली खिडकीवालीच मागा. पैसे काय भिंत बघायला देताव?"

"तुम्ही कधी राहिलात तिथे?"

"मी? नाय गो, लेक सांगते." ती खळखळून हसली. "मी भातसानगरची. मी नाय गेले, पन आमच्या धरणाचं पानी रोज जातं मुंबईला. तुमी पानी इकत घेऊ नका. आपलंच हाय ते."

रात्री हॉटेलातल्या पांढऱ्याशुभ्र टेबलाशी मी अंग चोरून बसले होते. वेटर वाकून म्हणाला, "मॅडम, पाणी बाटलीचं की साधं?"

डब्यावर एक थाप ऐकू आल्यासारखं झालं. मी ताठ बसले.

"आमचं आणा," म्हटलं.