तेल वर येऊ नये म्हणून

पंधरा दिवसांपूर्वी पहाटे साडेपाचला मांजरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात एक चोर सापडला. वय वर्षं शहात्तर, अंगात बनियन, हातात माझी सॅम्पलची बाटली... आमचे सासरे.

चोरी काय होती ते सांगण्याआधी थोडं मागचं सांगते. हिंजवडीत अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. कंपनीच्या बसने जायला दोन तास, यायला दोन तास... शेवटी कंटाळून चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडली आणि घरीच बिनअंड्याचं, बिनदुधाचं सॅलड ड्रेसिंग करायला घेतलं.

ऐकायला सोपं वाटतं. तेल आणि व्हिनेगर घुसळलं की घटकाभर एकजीव होतं, मग दोघं आपापल्या वाटेने जातात. त्यांना धरून ठेवायला अंड्याच्या जागी काय काय नाही वापरलं... काबुली चण्याचं उकळलेलं पाणी, वाटलेली मोहरी, जवस, सोया लेसिथिन. एकदा गवार गम जास्त पडला तर ड्रेसिंगची चक्क खळ झाली, पोस्टरं चिकटवता आली असती.

आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांत बाटलीच्या गळ्याशी तेलाचं पिवळं कडं. रोज सकाळी उठायचं, ओट्यापाशी जायचं, ते कडं बघायचं आणि मग दात घासायचे. खरं सांगते, थकले होते मी.

खराडीतल्या एका कॅफेच्या मालकीणबाईंची अट सरळ होती. सात दिवस बाहेर ठेवून तेल सुटलं नाही, तर बाटल्या काउंटरवर ठेवू. तिकडे जुन्या कंपनीनेही परत बोलावलं होतं आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मी घरात जाहीर करून टाकलं, "ही शेवटची बॅच. फुटली तर मुकाट्याने परत नोकरीला जाते."

आणि काय आश्चर्य... तिसरा दिवस गेला, चौथा, पाचवा, सहावा. तिन्ही बाटल्यांत तेलाचा टिपूस वर नाही! सहाव्या दिवशी संध्याकाळी मी इतकी हुरळले, की मालकीणबाईंना फोन करून "टिकलं हो मॅडम" असं सांगूनही टाकलं.

सातव्या दिवशी उत्साहाने लवकर उठले, तर बाबा ओट्याशी बाटली हलवत उभे.

बाबा हडपसरच्या एका दवाखान्यात पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. औषधाची बाटली पेशंटच्या हातात देण्याआधी चांगली हलवायची, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. आधी मला वाटलं, त्याच सवयीने हलवत असतील...

"बाबा, रोज हलवताय का?"

"रोज. तू उठायच्या आधी."

"अहो, पण का? न हलवता टिकतं का, तेच तर बघायचं होतं!"

बाबांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाले, "तिसऱ्या दिवशीच तेल वर आलं होतं. तू बघितलं असतंस तर परत त्या बसच्या मागे लागली असतीस. संध्याकाळी घरी यायचीस ना, तेव्हा तुझा चेहरा बघवायचा नाही मला."

मी चिडले. "अख्खा आठवडा वाया घालवलात तुम्ही माझा," असं चांगलं आवाज चढवून बोलले. अकरा वर्षं टेस्टिंग केलेल्या बाईच्या टेस्टमध्ये घरातलाच माणूस रोज हात घालतोय आणि तिला पत्ता नाही... राग खरं तर स्वतःचाच आला होता. बाबांनी बाटली जागेवर ठेवली, हात धुतले आणि आत जाऊन बसले.

दहा वाजता मालकीणबाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. "बरं झालं आधीच सांगितलंत," त्या म्हणाल्या. "बाटल्या हलवायला वेगळा माणूस नाही माझ्याकडे." मग जरा थांबून, "आठवडा घ्या अजून. त्यानंतर मात्र नाही हं."

पुन्हा एक बॅच लावली. मोहरी वाढवली, तेल थेंबाथेंबाने सोडलं, मिक्सर तापू दिला नाही. बाबांना मात्र काहीच बजावलं नाही... सकाळी जेवढं बोलले होते तेच जास्त झालं होतं.

तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर बाबा ओट्यापाशी स्टुलावर बसलेले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. माझा चहा गाळून ठेवलेला.

"आलंय गं वर," ते म्हणाले. "पण मी हात नाही लावला."

तिन्ही बाटल्यांच्या गळ्याशी बारीक पिवळं कडं होतं. "बरं केलंत बाबा," मी म्हणाले. दोघांनी बाटल्यांकडे बघत चहा संपवला. मग मी मालकीणबाईंना ‘नाही’ कळवलं आणि कंपनीला ‘हो’. सोमवारपासून बस.

वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. चार महिने पाण्यात गेले आणि अंगात त्राण नाही...

पण त्या पहिल्या आठवड्यात, बाटल्या टिकताहेत असं वाटत होतं तेव्हा, मी रोज गाढ झोपले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा. ती झोप मला बाबांनी रोज पहाटे उठून मिळवून दिली होती. ओरडायच्या नादात त्यांना थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं... आज संध्याकाळी त्यांना शेजारी बसवून हे वाचून दाखवणार आहे.