बाबा मैदानात उतरले तेव्हा

मी दुबईत अमेरिकन फुटबॉल खेळायचो आणि त्याचे मला पैसेही मिळायचे, ही गोष्ट बाबा आमच्या करामा भागातल्या शेजाऱ्यांना शक्यतो कळू देत नसत. कुणी विचारलंच तर सांगत, "तो फुटबॉल खेळतो. पण हाताने."

मी क्वार्टरबॅक होतो. म्हणजे चेंडू घेऊन मागे सरकायचं, आपला माणूस मोकळा दिसला की त्याच्याकडे फेकायचा, आणि तेवढ्यात समोरचे धिप्पाड लोक आपल्या अंगावर पडायचे. (हे शेवटचं नोकरीतच धरलेलं असतं.)

आई गेल्यापासून बाबांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. जेवलात का? हो. औषध घेतलं? हो. बाकी वेळ खिडकीशी. म्हणून मोसमातल्या शेवटच्या सामन्याला मी त्यांना हट्टाने अल कुसैसच्या मैदानावर नेलं. पहिल्या रांगेत बसवलं, हातात चहाचा थर्मास दिला.

आम्ही थोड्याच गुणांनी पुढे होतो आणि थोडाच वेळ उरला होता. मी फेकायला हात उचलला, तोच समोरच्या संघातला एक कपाटाएवढा लेबनीज मला घेऊन खाली आला. त्याच्यावर आणखी दोघं. माझा श्वासच कोंडला. मी उताणा पडलेला असताना शुद्ध मराठीत आवाज आला.

"उठा रे त्याच्या अंगावरून."

बाबा मैदानात होते. चपला आणि थर्माससकट.

पंच धावत आला. "सर, यू कान्ट बी हिअर."

"मेरा लड़का है," बाबा म्हणाले. थर्मास त्यांनी त्या लेबनीजच्या हातात दिला आणि माझ्याजवळ गुडघे टेकले. (डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केली होती.) "कुठे लागलं? घाई करू नकोस. आधी श्वास घे."

इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच इतकं बोलत होते. मला श्वास आला, पण उठवेना.

"अंकल, सॉरी," लेबनीज हळूच म्हणाला. "ही विल बी ओके, इन्शाल्ला." थर्मास त्याने दोन्ही हातांनी सांभाळून धरला होता.

बाबांना थर्माससकट बाहेर नेलं, ते मैदानात आले म्हणून आम्हाला दंड झाला, संघ मागे ढकलला गेला. "यल्ला, कम ऑन, फोकस," कोच ओरडला. मी कसाबसा उठून चेंडू घेतला. पण नजर जात होती ती कठड्याला धरून उभ्या असलेल्या बाबांकडे. त्या नादात चेंडू फेकला तो थेट लेबनीजच्या हातात. तो पळत सुटला आणि आमच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन, गुण मिळवूनच थांबला. खलास. सामना गेला.

परतताना गाडी मी चालवत होतो. बाबाच बोलले.

"एक सांग. ते सगळे तुझ्याच मागे का लागतात?"

"चेंडू माझ्याकडे असतो म्हणून."

बाबांनी बराच विचार केला. "मग त्यांना देऊन टाकायचा ना."

"शेवटी तेच केलं, बाबा."

ते हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कोचला मात्र अजून हसू आलेलं नाही.