चौथ्या चाकाचा टायर

चौथ्यांदा उकळून काढलं तरी टायर हलला नाही. चिमट्याने चाक पातेल्यातून उचललं, गार पाण्याच्या बादलीत बुडवलं, मग दोन्ही हातांनी पिळून पाहिलं. आधीच्या तीन चाकांनी एवढ्यावर टायर सोडले होते. हे मात्र ढिम्म.

"ह्ये चाक रुसलंय वाटतं, ताई," स्टुलावर बसलेला काशिनाथ म्हणाला.

चाक रुसत नाही. त्याला काहीतरी कारण असतं आणि ते आपल्याला कळलेलं नसतं. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही, कारण मला तेव्हा थोडा राग आला होता.

नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं बाँडिंग खात्यात काढली. बाँडिंग म्हणजे रबर धातूला चिकटवणं. इंजिनाची थरथर गाडीच्या सांगाड्यात जाऊ नये म्हणून मध्ये रबराचे ठोकळे बसवतात, ते आम्ही तयार करायचो. रिटायर झाल्यावर सिडकोतल्या घराच्या गॅलरीत एक टेबल मांडलं. कुणी मिक्सरचं झाकण आणतं, कुणी बुटाचा तळ. सगळ्यांना चिकटवून हवं असतं. सोडवून द्या म्हणणारा काशिनाथ पहिलाच.

तो हरसूलकडचा. वायरमन आणि प्लंबर, दोन्ही. त्याच्याकडे रिमोटवर चालणारी वीतभर लांबीची गाडी आहे. तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपत नाही, आणि ते बरोबरच आहे. गाडीच्या मागे तो नायलॉनचा दोरा बांधतो आणि तिला जमिनीखालच्या पाइपात सोडतो. ती दुसऱ्या तोंडाने बाहेर आली की दोऱ्याने सुतळी ओढायची, सुतळीने दोरखंड, दोरखंडाने केबल किंवा पाण्याची नळी. कुठेही खणायचं नाही. हे ऐकून मी त्याला अर्धा तास प्रश्नच विचारत बसले होते.

आता गावातल्या दवाखान्याला पाण्याची लाइन न्यायची होती. बाजाराच्या मैदानाखालून एक जुना सिमेंटचा पाइप गेला होता, हातभर रुंद. पंचायतीत लोक म्हणत होते, मैदान खणून नवीन लाइन टाका. काशिनाथ उभा राहिला आणि म्हणाला, खणायचं नाही, मी गाडीने नळी ओढतो. खणलं असतं तर आठवडी बाजार दोन-तीन महिने ओढ्यापलीकडे गेला असता. तिकडे गिऱ्हाईक जात नाही. आणि त्या बाजारात काशिनाथची बायको यमुना नागलीचे पापड विकते.

"सगळ्या बायांसमोर शब्द दिलाय," तो म्हणाला. "गाडी गेली नाय तर गावात ऐकावं लागंल, ते चालतंय. घरात ऐकावं लागंल, त्याचं काय?"

बाजाराला तीन दिवस उरले होते. बाजाराच्या आधी दोर पलीकडे निघाला नाही, तर खणणारं मशीन येणार होतं.

टायर पार गुळगुळीत झाले होते. पाइपातल्या गाळात ते जागच्या जागी फिरायचे. नवीन टायर त्याने नाशिकमध्ये शोधून काढले होते. पण चाकं मिळत नव्हती. गाडी जुनी, ती बनवणं बंद झालेलं, आणि दुसऱ्या चाकांचं मधलं भोक तिच्या दांड्यावर बसत नाही. या गाड्यांचे टायर चाकाला ग्लूने चिकटवलेले असतात, नाहीतर वेगात निघून जातात. म्हणजे जुनी चाकं शाबूत ठेवून टायर सोडवायचे होते. काशिनाथने आधी ब्लेड चालवून पाहिलं होतं. चौथ्या चाकाच्या काठावर त्याची खाच दिसत होती. अजून एक खाच पडली असती तर चाक वाया गेलं असतं.

"तीन नवे लावतो, एक जुनाच राहू द्या," तो म्हणाला.

"एक चाक घसरलं की गाडी एका बाजूला ओढेल. मधोमध पाइपाच्या भिंतीवर चढून उलटली तर काढायला कोण जाणार?"

त्याने स्टूल टेबलाजवळ ओढलं.

पहिल्या तीन चाकांचं सोपं होतं. त्यांना थेंब टाकताच बोटं चिकटतात तो इन्स्टंट ग्लू लावला होता. तो सुकल्यावर कडक होतो, पण ठिसूळही होतो. उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवला की त्याचा जोर जातो. मग गार करायचं आणि टायरची कड वाकवायची. ग्लू कडकड तुटतो. बोथट चमच्याचं टोक आत घालून गोल फिरवलं की टायर हातात.

चौथ्यासाठी मी अॅसिटोनची बाटली काढली. अॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायच्या पाण्यात असतं ते. त्यात हा ग्लू विरघळतो. चाक बरणीत बुडवणार, तेवढ्यात जुनी सवय आडवी आली. आमच्या खात्यात आधी ट्रायल, मग जॉब. चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, एक थेंब टाकला. प्लास्टिक पांढरं पडलं आणि बोटाला चिकट लागलं. बुडवलं असतं तर सकाळी बरणीत टायर राहिला असता आणि चाकाचा लगदा. मी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि पिंगळे साहेबांना फोन केला.

पिंगळे साहेब आमचे फोरमन होते. आता पंचाहत्तरीचे आहेत, पण फोनवर आवाज तोच.

"जॉब कार्ड काय म्हणतंय, सुमनबाई?"

"साहेब, हातातल्या रिमोटने चालणाऱ्या गाडीचं चाक आहे. त्याला कुठलं जॉब कार्ड?"

"मग चिकटवणाऱ्याला विचारा."

"आत्ता विचारलं. म्हणतो, चारही त्यानेच चिकटवलेत, एकाच ट्यूबने."

"एका लॉटचे जॉब सारखे वागतात. एक वेगळा वागतोय म्हणजे तो त्या लॉटमधला नाही. कार्ड नसलं तर नाकाने बघा." आणि त्यांनी फोन ठेवला. सेवेत होते तेव्हाही ते असाच ठेवायचे.

जॉब कार्ड म्हणजे प्रत्येक नगाबरोबर फिरणारी चिठ्ठी. कुणी चिकटवलं, कशाने चिकटवलं, कधी, सगळं तिच्यावर असायचं. सव्वीस वर्षं मी ते भरत आले. आणि चाक हातात आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारायचा, हे विसरून मी थेट पातेलं चढवलं होतं. स्वतःचाच राग आला.

चाक पुन्हा पाण्यात टाकलं आणि या वेळी गार न करता गरम असतानाच नाकाशी नेलं. पहिल्या तिन्ही चाकांच्या वाफेने डोळे चुरचुरले होते. याने नाही चुरचुरले. याला ओळखीचा, थोडा गोडसर वास होता. चांभाराच्या पेटीचा. चपलेच्या तळाला लावतात ते पिवळं सोल्युशन.

"काशिनाथ, चपलेचं सोल्युशन घरात कोण वापरतं?"

"यमुना वापरते. सगळ्यांच्या चपला तीच दुरुस्त करते. पण गाडीला कुणी हात लावत नाय. मी लावूच देत नाय."

"फोन लाव."

त्याने स्पीकरवर लावला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी यमुनाला गाडीच्या टायरबद्दल विचारलं.

"ऐकतेत का ते?" तिने विचारलं.

"समोरच बसलेत."

"मग ऐकूं दे. अंगणात पापड वाळत घातले व्हते. कोंबड्या लय चोची मारीत व्हत्या. मी ती गाडी कोंबड्यांमागं सोडली. दगडावर आपटली नि एक टायर निघाला. मीच चिकटवला."

काशिनाथने कपाळावर हात मारला. मला हसू आवरेना.

"कसा चिकटवलास, ते सांग," मी म्हटलं.

"आधी दगडावर घासला. पुसला. दोन्ही बाजूला पातळ सोल्युशन लावलं. बोटाला चिकटायचं बंद होईस्तोवर थांबले. मंग दाबला नि दोरीनं बांधून ठिवला."

मी खुर्चीत मागे टेकून बसले. घासा, पुसा, पातळ लावा, थांबा, दाबा. हेच आम्ही नवीन मुलांना महिनाभर शिकवायचो, तरी निम्मे थांबायच्या पायरीला घाई करायचे. माझ्या इन्स्पेक्शनला हा जॉब पास झाला असता. मला त्या बाईला भेटावंसं वाटलं.

"आणि चपलेचा जुना तळ काढायचा असला की काय करतेस?"

"तव्यावर तापवायचा नि गरम हाय तवरच सोलायचा. गार झाला की परत धरतो. वढायचा नाय, ताई. सोलायचा."

मी बादलीकडे पाहिलं. चारही वेळा मी चाक उकळून मऊ केलं होतं, आणि चारही वेळा गार पाण्यात घालून पुन्हा पक्कं केलं होतं. इन्स्टंट ग्लूचा नियम मी सोल्युशनला लावला होता. मला तेवढीच एक पद्धत येत होती असं नाही. चारही चाकं सारखी दिसली, म्हणून मी विचार केला नव्हता.

पाणी पुन्हा उकळलं. मी दोन जाड हातमोजे चढवले. चाक बाहेर काढलं, आणि वाफ निघत असतानाच टायरची कड उचलून हळूहळू, केळ्याच्या सालीसारखी मागे वळवत नेली. मध्ये सोल्युशनचे पिवळे तंतू ताणले जात होते आणि एकेक करून तुटत होते. अडलं की पुन्हा पाण्यात बुडवायचं. तीनदा बुडवल्यावर टायर टेबलावर आला. ब्लेडची एक जुनी खाच सोडली तर चाकावर ओरखडा नव्हता. काशिनाथने ते हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिलं.

नवीन टायर चिकटवायला मी ग्लू काढला. तो म्हणाला, "राहू द्या. यमुनाचाच जॉब टिकलाय. घरी नेतो, तीच चिकटवंल."

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. गाडी पहिल्या फेरीतच गाळातून पलीकडे निघाली. संध्याकाळपर्यंत पाण्याची नळी दवाखान्यापर्यंत पोचली. मशीन आलंच नाही. दुसऱ्या दिवशी बाजार मैदानातच भरला आणि यमुनाचे पापड दुपारीच संपले. त्यातलं एक पुडकं तिने माझ्यासाठी आधीच बाजूला काढलं होतं. ते द्यायला काशिनाथ गाडी घेऊन आला.

त्या दिवसापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक वस्तूला मी दोऱ्याने एक चिठ्ठी बांधते. कुणी चिकटवलं आणि कशाने, हे विचारल्याशिवाय पातेलं चढत नाही. पहिली चिठ्ठी काशिनाथच्या गाडीला बांधली. चिकटवणार: यमुना. सोडवणार: सुमन.

त्याने ती वाचली. "ह्याच्यात माझं नाव कुठं हाय?"

मी चिठ्ठी उलटी केली आणि मागे लिहिलं: ब्लेडची खाच, काशिनाथ.