मनकर्णाची झाकलेली टोपली

मनकर्णा भाजीवाली फितूर होती, असं मूर्तिजापूरच्या बाजारानं वर्षानुवर्षं चघळलं. हरताळाच्या दिवशी तिनं म्हणे टोपलीभर वांगी मागच्या दारानं ठेकेदाराच्या घरी पोचवली. सांगणाऱ्यांना त्या भरताचा वाससुद्धा आला होता, आता बोला!

एकोणतीस सालची गोष्ट. बाजाराचा ठेकेदार बैठकीच्या पैशांची पावती फाडायचा, ते एक ठीक. पण वर प्रत्येक टोपलीतून ओंजळभर भाजी उचलायचा, तीही कोवळी बघून. का, तर रिवाज! बायांनी अर्ज केला. म्युनिसिपल कमेटीच्या मेंबरांनी तो वाचला, हसले, आणि त्यावर पानदान ठेवलं. मत द्यायचा हक्क घरपट्टी भरणाऱ्यांना, टोपलीवालीला कोण विचारतो?

मनकर्णाच्या अंगाचा भडका उडाला. "मत नायी तं नायी. टोपली तं आपली हाये ना? समद्यायनं बसाचं, पन इकाचं नायी!"

बाजाराच्या दिवशी चाळीस बाया ओल्या फडक्यांनी टोपल्या झाकून बसल्या. गिऱ्हाइकं शिव्या देत परतली. ठेकेदार तरातरा मनकर्णापुढे आला.

"काय वं, टोपलीत साप आनला काय? उघड!"

"घाला नं हात, मालक. कोनाले डसते ते समजंन."

चाळीसही बाया उठून उभ्या राहिल्या. ठेकेदारानं हात मागे घेतला.

दुपारी शेजारच्या दुर्गाबाईचा पालक माना टाकू लागला. ती फडकं सोडू लागली. "इकून टाकतो वो. तुह्यं काय जाते?"

"तुह्यं जाते तेच माह्यं जाते. बस गुमान!"

दुर्गाबाई बसली, म्हणून बाकीच्या बसल्या. संध्याकाळी सुकलेली भाजी गायींपुढे टाकताना दुर्गाबाईनं मनकर्णाचं फडकं उचललं. आत एक देठ नव्हता.

"भाजी कुठी गेली वं?"

मनकर्णानं फडकं ओढून घेतलं आणि टोपली उचलून घरची वाट धरली. झालं, तेवढ्यावर कुजबूज सुटली.

पुढच्या बाजारापासून ओंजळ बंद झाली. चौकात सभा झाली, हार मेंबरांच्या गळ्यात पडले, आणि तेच ते पानदानवाले "आम्ही जनता जागी केली" म्हणून गरजले! मनकर्णाच्या वाट्याला काय? दुर्गाबाईनं आपली बैठक चार हात लांब सरकवली. हिच्यामुळे ओंजळ वाचलेल्या बायाही हिला पाहून तोंड फिरवू लागल्या.

त्या आठवड्यात कडाक्याच्या थंडीनं मनकर्णाची सगळी वांगी जळून गेली होती. हे कळतं, तर तिच्या शब्दावर एक बाई बसली नसती; टोपली तिनं घरूनच रिकामी आणली होती.