जिन्यातली बास्क

शेजारची मिरेन स्पेनमधल्या बास्क मुलखातली, लग्न होऊन पुण्यात आलेली. लेकीशी ती नेमाने बास्कमध्येच बोलते, पण लेक उत्तर देते ते मराठीत. "काकू, इथे माझ्या भाषेत मला ओ देणारं कुणी नाही," असं ती एकदा म्हणाली होती.

काल जिन्यात तिने लेकीला काहीतरी विचारलं. पोरगी उड्या मारत ओरडली, "बाय, अमा, बाय!"

"आईला टाटा करून कुठे निघालीस गं?" मी विचारलं.

मिरेनचे डोळे भरून आले आणि ती हसतही होती. "टाटा नाही, काकू! आमच्यात 'बाय' म्हणजे 'हो'. 'हो, आई' म्हणाली ती!"

परमुलखात आपल्या भाषेला एवढासा होकार मिळाला, तरी माणूस किती उजळतं! हात धरून दोघी जिना उतरल्या. मला अक्षरही कळलं नाही, पण आता दोन आवाज येत होते.