दोन घरांची एक जोडी

"कोकणात बैल असत्यात व्हय?" असं दादाने विचारलं आणि माझं जाणं पक्कं झालं. आम्ही माणदेशातले. उंच खिल्लार बैल बघत वाढलेली माणसं, त्यामुळे बुटक्या जनावराला बैल म्हणायला आमची जीभ वळत नाही. पण मला कुणी 'तिथं काय ठेवलंय' म्हणून अडवलं की मी तिथंच जाते, हा माझा जुना रोग आहे. आरोंदा आणि शिरोड्याच्या मधल्या एका गावात भातकापणीनंतर जनावरांचं आणि शेतीचं प्रदर्शन भरतं, आणि ते कित्येक पिढ्या भरत आलंय, एवढंच मला ठाऊक होतं.

कोल्हापूरहून आजरा, मग आंबोली घाट उतरून सावंतवाडी. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा स्वतःची गाडी कशाला जाळायची? ज्यांना घाट लागतो त्यांनी आजऱ्यात पोटभर खाऊ नये. मी खाल्लं आणि वळणावळणावर भोगलं. सावंतवाडीहून आरोंद्याकडे गाड्या मोजक्याच. चुकली तर रिक्षावाला म्हणेल ते भाडं. जवळ रोख ठेवा, कारण खाडीकडे गेलं की फोनची रेंज येते-जाते.

मुक्काम मंदाकाकींकडे होता. त्या घरातली एक खोली पाहुण्यांना देतात. मागच्या दारी खाडी, जेवायला तिसऱ्यांचं सुकं, उकडा भात आणि सोलकढी. अंगणात त्यांचा बैल बांधलेला, नाव गुणो. तांबडा, तुकतुकीत आणि माझ्या कमरेच्या जरासा वर. मला हसू आलं आणि काकींनी ते बरोबर पाहिलं.

"हसशीत," त्या म्हणाल्या. "पण तुमचो तो हत्ती आमच्या कुणग्यात वळतलो खंय?"

कुणगा म्हणजे भाताचा वाफा. मागे जाऊन बघितलं तर एकेक कुणगा आमच्या खळ्याएवढा, खाडीपर्यंत उतरत गेलेला. आमची खिल्लार जोडी तिथं शिरली असती तर बांध मोडूनच बाहेर आली असती.

प्रदर्शनाचा इतिहास काकींनी मला माडाच्या झावळ्या विणता विणता सांगितला. इथे जमीन थोडी, म्हणून घराला बैल एकच. नांगराला मात्र दोन लागतात. मग कापणी झाली की एकेक बैलवाली माणसं, आता प्रदर्शन भरतं त्याच मळ्यात जमायची आणि आपल्या बैलाला वांगडी, म्हणजे सोबती, शोधायची. उंची जुळते का, चाल जुळते का, एकमेकांना ढुशा मारतात का, हे बघून दोघांची दावी एकत्र बांधायची आणि एकच नारळ फोडून दोन्ही घरांनी वाटून घ्यायचा. गाठ पडली की नांगरणी एक दिवस तुझ्या शेतात, एक दिवस माझ्या. या गर्दीभोवती दुकानं आली, मग बक्षिसं आली, कलमं आणि पंप आले. पण गावठी जोडीचा वर्ग सगळ्यात जुना. गुणोचा वांगडी बांधापलीकडच्या इस्माईलभायचा चांदो. त्यांच्या घरची माणसं पूर्वी वेंगुर्ल्याच्या बंदरात व्यापार करायची. आता नांगर ते धरतात आणि लावणीला काकी दोन्ही शेतांत असतात.

सकाळी काकी, इस्माईलभाय, दोन्ही बैल आणि मी चालतच निघालो. मळ्यात काजूची कलमं, नारळाची रोपं, पॉवर टिलर, खाजा आणि खटखटे लाडू. लाडू दातांच्या हिशेबाने घ्या. घाटावरून टेम्पोतून आलेले मोठे बैल झूल घालून उभे होते, आणि खरं सांगते, माझी मान आपोआप ताठ झाली.

ती फार वेळ ताठ राहिली नाही. यंदा नव्या समितीने घाटावरच्या कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनाचे नियम जसेच्या तसे उचलले होते: जोडी एकाच मालकाची हवी. ज्या गावात कुणाच्याच गोठ्यात जोडी नसते, तिथे हा नियम! शिवाय यंदा गावठी जोडी उतरली नाही तर तो वर्गच कायमचा बंद होणार होता. मला भयंकर राग आला, कारण नियम आमच्याकडचा होता.

गुणो-चांदो मैदानात आले. माईकवरून शुद्ध मराठीत मालकाचं नाव विचारलं गेलं. काकींनी दोन नावं सांगितली. एकच सांगा, असं पुन्हा आलं. काकींनी पुन्हा दोन सांगितली. मग समितीतला एक तरुण धावत आला. पोरगा वाईट नव्हता, त्याला वर्ग वाचवायचाच होता. काकींना हळूच म्हणाला, दोन्ही बैल तुमच्या नावावर दाखवू, या वर्गात दुसरी जोडीच नाही, नंबरही तुमचाच येईल.

इस्माईलभायनी मान डोलावली. "घाल गो मंदा, तुझाच नाव. माका चलता."

"माका चलत नाय," काकी म्हणाल्या. "चांदो माझो न्हय, तो माझो कसो सांगू? ह्या मळ्यात जोडी दोन घरांचीच उभी रवली." मग त्या पोराकडे वळल्या. "वर्ग बंद करूचो तर करा. आमी येतलव."

त्यांना स्पर्धेबाहेर काढलं. त्या मैदानाबाहेर मात्र गेल्या नाहीत. माईक बाजूला व्हायच्या विनंत्या करत राहिला, ढोल वाजले, मोठे बैल फिरून गेले, आणि ही बुटकी जोडी एका कोपऱ्यात उभीच. मीही जाऊन गुणोचं दावं धरलं. बक्षिसं वाटली जात असताना शिरोड्याचा एक माणूस आपला एकटा बैल घेऊन काकींकडे आला आणि याला कुणी वांगडी मिळेल का, असं विचारू लागला. काकींनी बैलाची चाल बघितली, गर्दीत नजर फिरवली आणि सुरूच्या झाडाखाली बांधलेल्या एका काळ्या बैलाकडे बोट दाखवलं. थोड्या वेळाने तिथे नारळ फुटला.

घरी आल्यावर दादाने विचारलं, नंबर कुणाचा आला? कुणा घाटावरच्याचा, मी म्हटलं, मला नाव आठवत नाही. खरंच आठवत नाही. माझ्यापाशी राहिलंय ते काकींचं नाही म्हणणं. हातात आलेलं बक्षीस त्यांनी शेजाऱ्याचा बैल आपला म्हणायचा नाही म्हणून सोडून दिलं, आणि तेही कुणावर उपकार केल्याचा आव न आणता.

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, मुक्काम आधी ठरवा. पुढच्या पत्रकात गावठी जोडीचा वर्ग शोधू नका, तो छापलेला नसेल. सरळ मैदानात जा. गुणो-चांदो तिथे उभे असतील.